स्टेंट बसवला, पण गोळी कुणी समजावली?

अब्बांना पहिला अटॅक आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला अ‍ॅसिडिटी ठरवलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर दुसरी पाळी करून ते नुकतेच घरी आले होते. छातीत जळजळतंय म्हणाले. अम्मीने ओवा आणि काळं मीठ दिलं. मी घरात पडलेली गॅसची गोळी दिली. हात दुखत नव्हता, जबडा दुखत होता, त्यामुळे हृदयाचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. अंगातला बनियन घामाने भिजला, तर भट्टीवरच्या माणसाला घाम येणारच, असं आम्ही समजलो. फजरच्या सुमारास त्यांना दम लागायला लागला तेव्हा मी रिक्षा शोधायला धावलो. १०८ ला फोन करावा हे सुचलंच नाही.

जालन्यात ईसीजी निघाला आणि लगेच साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला हलवायला सांगितलं. दुपारपर्यंत अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘नस मोकळी झाली.’ आम्ही शुक्र अदा केला, नातेवाइकांना फोन लावले, चौथ्या दिवशी घरी आलो. आमच्या दृष्टीने आजार संपला होता.

तीन महिन्यांनी दुसरा अटॅक आला. त्याच स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. यावेळी अब्बा वाचले, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. भट्टीवरचं काम कायमचं सुटलं. तेव्हा त्यांचं वय ५४ होतं.

मधल्या तीन महिन्यांत काय घडलं, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. डॉक्टर चुकले किंवा यंत्र बिघडलं, असं काही झालं नाही. पहिल्या वेळी मिळालेलं डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं. त्यावर आठ औषधं होती. कुठली गोळी कशासाठी आणि कुठली कधीच थांबवायची नाही, हे आम्हाला कुणी बसून सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. दोन महिन्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. गल्लीतल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, ‘रक्त पातळ करणारी गोळी आहे ना, ती किडनी खराब करते.’ मग रमजान आला. अब्बांनी सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या एकत्र केल्या, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून नेमकी तीच गोळी सोडून दिली. लाखभर रुपयांचं काम दहा-वीस रुपयांच्या गोळीवर टिकून होतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

एका सिस्टरची वीस मिनिटं

दुसऱ्या वेळी वेगळं रुग्णालय होतं. तिथे रात्रपाळीला भोकरदन तालुक्यातली एक तरुण सिस्टर होती. तिने अब्बांच्या उशाशी स्टूल ओढलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘चाचा, रोजे धरले होते का? गोळ्या कशा घेत होता?’ ती मुस्लिम नव्हती. पण रमजानमध्ये गोळ्यांचा घोळ होतो हे तिला माहीत होतं आणि विचारायला तिला संकोच वाटला नाही.

मग तिने समजावलं. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्ताला ती परकी वाटते, म्हणून रक्त तिच्यावर गोठू पाहतं. काही महिन्यांत जाळीवर नसेचा आतला पापुद्रा चढतो. तोवर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या लागतात, बहुतेकांना साधारण वर्षभर. हिरड्यांतून थोडं रक्त आलं तर दाखवायला यायचं, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. अब्बांची सगळी हयात लोखंडाजवळ गेली. ते म्हणाले, ‘म्हणजे कच्च्या लोखंडाला रंग लागेपर्यंत सांभाळायचं.’ सिस्टर हसली. म्हणाली, ‘बरोबर.’ आणि एका कागदावर तिने सूर्य आणि चंद्र काढून कुठली गोळी सकाळची, कुठली रात्रीची ते लिहून दिलं. तो कागद आजही आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

हे सगळं करायला तिला वीस मिनिटं लागली असतील. हीच वीस मिनिटं तीन महिन्यांपूर्वी मिळाली असती तर अब्बा कदाचित अजून कामावर असते. माझं म्हणणं एवढंच आहे की हृदयरोगाच्या उपचाराचा अर्धा भाग नर्सिंग आहे, आणि तो अर्धा भाग आपण मोजतच नाही. सरकार मोजत नाही, खासगी रुग्णालयं मोजत नाहीत, आणि आपला समाज तर अजिबात मोजत नाही.

सिस्टर नेमकं करते काय?

‘सुई टोचते, सलाईन बदलते’, एवढंच आपल्याला दिसतं. पण छातीत दुखतंय म्हणून कुणी आला की दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी निघायला हवा, आणि बहुतेक ठिकाणी तो काढते सिस्टर. राज्याच्या आरोग्य विभागाच्या स्टेमी प्रकल्पात छोट्या रुग्णालयातला ईसीजी ऑनलाइन तज्ज्ञाकडे जातो आणि अटॅक असल्यास गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं. योजना चांगली आहे. पण छातीवर तारा योग्य जागी लावणारा आणि इंजेक्शननंतर रक्तस्राव होतो का हे बघत बसणारा हात शेवटी परिचारिकेचाच असतो.

अटॅकनंतरच्या पहिल्या काही तासांत हृदयाचे ठोके अचानक बेताल होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. तसं झालं आणि छाती दाबणंही सुरू झालं नाही, तर शॉक द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्या क्षणी मॉनिटरसमोर कोण असतं? डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात असू शकतात, सिस्टर तिथेच असते. अँजिओप्लास्टी मनगटातून केली असेल तर पट्टा किती घट्ट आहे, बोटं निळी पडतात का, लघवी नीट होते का, हे तीच पाहते. बायपासच्या रुग्णाला खोकताना छातीला उशी कशी धरायची आणि छातीचं हाड जुळेपर्यंत वजन का उचलायचं नाही, हेही तीच शिकवते. मधुमेही माणसाला अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. बायकांनाही अनेकदा फक्त दम, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं एवढंच होतं. अनुभवी सिस्टर अशा रुग्णाला रांगेतून उठवून आधी ईसीजीला नेते.

आता हिशोब करा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. आपल्या जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या कुठल्याही गर्दीच्या वॉर्डात रात्री दोन वाजता जाऊन बघा आणि स्वतः मोजा. ज्या सिस्टरकडे पंचवीस-तीस रुग्ण आहेत ती वीस मिनिटं स्टूल ओढून बसणार कशी? पहिल्या रुग्णालयातल्या सिस्टर वाईट होत्या असं मी म्हणत नाही. त्यांना बसायला वेळच नव्हता, हे मला नंतर कळलं.

वेळ रस्त्यावर जात नाही, घरात जातो

आपल्याकडे हा आजार लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास आल्याचं दिसलं, म्हणजे इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधी. भारतातल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीचे निष्कर्ष २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. त्यात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटं होता. पूर्ण सहा तास. रुग्णालयात पोचल्यावर इंजेक्शन मिळायला मात्र ५० मिनिटं लागत होती. म्हणजे मोठा उशीर दवाखान्याच्या दाराबाहेर होतो. आमच्या घरी नेमकं तेच झालं.

२०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात, आणि आता ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. २०२४ मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. बदनापूर तालुक्यात वरुडी इथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमचं वैद्यकीय महाविद्यालय आणि नूर हॉस्पिटल आहे. रस्ता, योजना, इमारत, सगळं जवळ येतंय. पण मध्यरात्री घाम फुटलेल्या माणसाला ओवा द्यायचा की १०८ फिरवायचं, हा निर्णय कुठलीही इमारत घेत नाही. तो घरातला माणूस घेतो. त्या माणसाला थोडं तरी नर्सिंग यायला हवं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. छातीत, जबड्यात, पाठीत किंवा वरच्या पोटात दडपण, सोबत घाम किंवा दम, आणि ते पंधरा-वीस मिनिटांत जात नसेल, तर ती अ‍ॅसिडिटी आहे हे सिद्ध करायचं काम ईसीजीचं आहे, तुमचं नाही. रुग्णाला चालवत नेऊ नका. दुसऱ्याची जिभेखालची गोळी त्याला देऊ नका, रक्तदाब आधीच कमी असेल तर ती उलटते. घरी आल्यावर गोळ्यांचा कागद मराठीत किंवा उर्दूत मागून घ्या. पंपिंग कमी असलेल्या रुग्णाचं वजन रोज सकाळी करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी असू शकतं, लगेच डॉक्टरांना कळवा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे पापड-लोणचं बंद. तंबाखू, गुटखा आणि बिडी यांना ‘थोडं चालतं’ नसतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर तो कसा मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि रोजे. नुकताच अटॅक आलेल्या किंवा पंपिंग फार कमी असलेल्या माणसाला डॉक्टर बहुधा रोजा न ठेवायला सांगतात. आजारी माणसाला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. प्रकृती स्थिर असेल तर रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेता येतात. बदल त्यांनी करायचा, आपण नाही. आपल्या मशिदींतून रमजानआधी हे सांगितलं गेलं तर किती अब्बा वाचतील!

आता माझी स्वतःची गोष्ट

इथपर्यंत मी सरकारला आणि रुग्णालयांना बोललो. आता माझ्यावर येतो.

अब्बांच्या पहिल्या अटॅकच्या वर्षभर आधी माझी धाकटी बहीण बारावी सायन्स पास झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. तिने सगळी माहिती काढली होती. अम्मी गप्प होती. अब्बा म्हणाले, ‘बघू.’ नाही म्हणालो तो मी. रात्रपाळी, पुरुष रुग्ण, होस्टेल, लोक काय म्हणतील, स्थळं येणार नाहीत, हे सगळं मी बोललो. शिकलेला भाऊ बोलला म्हणून घरात ते शेवटचं ठरलं. तिने बीए केलं. आज तीच अब्बांचा रक्तदाब मोजते, वजन वहीत लिहिते, गोळ्यांचा डबा भरते. दुसऱ्या वेळी त्या सिस्टरचं बोलणं मी ऐकत होतो, बहीण लिहून घेत होती. घरी येताना ती एवढंच म्हणाली, ‘भाई, मला हे आधी माहीत असतं.’ तिने मला दोष दिला नाही. तो मीच घेतला.

ज्या कारणांनी मी तिला अडवलं ती तपासून बघू. पुरुष रुग्ण? मदिनेत रुफैदा अल-अस्लमिया यांचा तंबू होता आणि त्यात त्या युद्धातल्या जखमी पुरुषांची शुश्रूषा करत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याच महाराष्ट्रात १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. या दोघींची नावं आपण आदराने घेतो, आणि त्यांचं काम करायला निघालेल्या मुलीला स्थळ येणार नाही म्हणतो. रात्रपाळी? अब्बांनी आयुष्यभर केली, तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. सुरक्षित वसतिगृह, रात्री घरी सोडणारी गाडी, ड्युटी रूमला कडी, हे प्रश्न खरे आहेत. पण त्यांचं उत्तर रुग्णालयाकडून मागायचं असतं, मुलीला घरी बसवणं हे उत्तर नव्हे.

‘पगार कमी आहे’ हेही खरं आहे, आणि ते लपवून मी कुणाला या कामात ढकलणार नाही. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने, ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिन्याला किमान २० हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. आपल्या भागातल्या छोट्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या एखाद्या सिस्टरला तिचा पगार विचारा. सेवेचा आदर आणि सेवेचा पगार या दोन्ही मागण्या एकत्र करायच्या असतात. नुसता आदर स्वस्त पडतो.

सच्चर समितीने २००६ मध्ये दिलेल्या आकडेवारीत राज्यांच्या आरोग्य खात्यांतल्या कर्मचाऱ्यांमध्ये मुस्लिमांचं प्रमाण ४.४ टक्के होतं, लोकसंख्येत ते १३.४ टक्के होतं. यात भेदभाव किती आणि आपण स्वतः बंद केलेली दारं किती, याचा हिशोब प्रामाणिकपणे करायला हवा. माझ्या घरातलं एक दार मी स्वतः बंद केलं होतं, म्हणून हे बोलण्याचा अधिकार मला थोडा तरी आहे.

आपले रुग्ण आपल्याच माणसांनी सांभाळावेत, असं मला म्हणायचं नाही. माझ्या अब्बांना भोकरदनच्या एका हिंदू मुलीने सांभाळलं. उद्या आपल्या घरातली मुलगी मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या उशाशी तसंच स्टूल ओढून बसावी, एवढंच म्हणणं आहे. या समाजात एकमेकांच्या उपयोगी पडण्याचे जे मार्ग आहेत त्यातला हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. त्याला भाषण लागत नाही.

काय करता येईल?

जीएनएम तीन वर्षांचं असतं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीला बारावी सायन्स जीवशास्त्रासह लागतं. जीएनएमला इतर शाखांतूनही बारावी झालेल्यांना संधी आहे, त्यामुळे ‘आपली आर्ट्सला गेली, आता काय’ म्हणून थांबू नका. मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. वॉर्डात ‘ब्रदर’ असतात आणि जड रुग्णाला उठवताना, रात्री छातीवर दाब देताना त्यांची गरज पडते. आपल्या मोहल्ल्यातल्या संस्था दरवर्षी इंजिनिअरिंग-मेडिकलच्या टॉपरचा सत्कार करतात. एकदा नर्सिंगला लागलेल्या मुला-मुलींनाही स्टेजवर बोलवा, आणि हार घालण्यापेक्षा त्यांची फी भरा.

जिल्ह्यातल्या रुग्णालयांकडे मागणी करा की हृदयरोगाच्या प्रत्येक रुग्णाला घरी पाठवण्याआधी त्याच्या भाषेत गोळ्यांचा कागद मिळावा आणि एका परिचारिकेला ते समजावायला ठरलेला वेळ असावा. यासाठी नवीन यंत्र लागत नाही. रिक्त पदं भरावी लागतील, ही मागणीही त्यातच आली. जुम्याच्या नमाजनंतर मोकळ्या जागेत एखाद्या नर्सला किंवा डॉक्टरांना बोलावून छाती दाबून जीव कसा वाचवायचा हे शिकून घ्या. एक दुपार पुरते.

अब्बा आता सकाळी कुंडलिकेच्या बाजूला हळूहळू चालून येतात. चढ आला की थांबतात. फ्रिजवरच्या कागदावरचे सूर्य-चंद्र पुसट झालेत, म्हणून बहिणीने ते पेनाने पुन्हा गिरवले. यंदा तिचा जीएनएमचा फॉर्म मी स्वतः बसून भरला. नंबर लागेल की नाही माहीत नाही. चार वर्षं मी तिची वाया घालवली, ती परत देता येणार नाहीत. तुमच्या घरात एखादी बहीण असा फॉर्म हातात घेऊन उभी असेल, तर निदान तिच्या वाटेत माझ्यासारखे उभे राहू नका.